गड्यास सांगावे

टेक्ससमध्ये मूल सातवीत गेलं की आईबापांनाही टेक्ससचा इतिहास शिकावा लागतो. चौथीत एकदा झालेला असतो, सातवीत पुन्हा. यंदा लेकीला प्रोजेक्ट मिळालं: यादवी युद्धात लढलेल्या टेक्ससच्या एका माणसाची पत्रं वाचायची आणि त्यावर पोस्टर करायचं. वाचनालयातून पुस्तक आणायचं काम अर्थातच माझं. आणलं, आणि नेहमीप्रमाणे लेकीच्या आधी मीच वाचत बसले.

पुस्तकाचं नाव 'विडोज बाय द थाउजंड'. एम. जेन जोहान्सन या बाईंनी संपादित केलेलं, २००० साली निघालेलं. थिओफिलस पेरी आणि हॅरिएट पेरी या नवराबायकोची १८६२ ते १८६४ मधली पत्रं. हा थिओफिलस पूर्व टेक्ससमधल्या हॅरिसन काउंटीचा. तिथलं मुख्य गाव मार्शल, आमच्या डॅलसपासून सरळ हायवेनं अडीच तासांवर. दोघंही मूळचे नॉर्थ कॅरोलिनाचे. थिओफिलस टेक्ससच्या अठ्ठाविसाव्या घोडदळात होता. नावाचंच घोडदळ म्हणायचं, कारण काही महिन्यांतच त्यांचे घोडे काढून घेतले आणि सगळ्यांना पायी चालायला लावलं. हे लोक पुढे इतके चालले, की त्यांच्या वॉकर्स डिव्हिजनला 'ग्रेहाउंड' म्हणजे शिकारी कुत्रे असं नाव पडलं.

सैनिकांची पत्रं सहसा एकाच बाजूची उरतात. घरी आलेली पत्रं बायको नीट जपून ठेवते, आणि बायकोची पत्रं मात्र तळावरच्या चिखलापावसात जातात. या जोडप्याची दोन्हीकडची पत्रं उरली. त्यामुळे वाचताना आपण एका संसारात चोरून डोकावतोय असं वाटत राहतं. सासरच्या घरात राहणारी तरुण बायको. पिकाची काळजी, तब्येतीची काळजी, नवऱ्याची आठवण. तिकडे कपडे फाटलेले, पाय सुजलेले, तळावर साथीचे आजार. अर्कन्सामधल्या त्यांच्या एका तळावर गोळी न लागताच शेकड्यांनी माणसं मेली. मधूनच लाडिक बोलणं. पत्र का आलं नाही म्हणून रुसवा.

मला तो माणूस आवडायला लागला होता, हे कबूल करायला हवं. आमचं लग्न झाल्यावर नवरा सात महिने आधी इकडे आला होता आणि मी नागपूरला. तेव्हा फोन परवडायचा नाही, म्हणून आम्ही पत्रं लिहायचो. सगळं तेच. जेवतोस ना? थंडीचे कपडे घेतलेस का? त्यामुळे हॅरिएटची पत्रं वाचताना घशात काहीतरी अडकायचं. लेकीलाही गोष्ट आवडली. तिनं पोस्टरवर मधोमध मोठं हृदय काढलं, एकीकडे 'टी' आणि दुसरीकडे 'एच'.

मग एके दिवशी संध्याकाळी ती ओट्याशी येऊन म्हणाली, "आई, हा नॉरफ्लीट कोण?"

कांदा चिरता चिरता मी उत्तर दिलं, "त्याचा नोकर असेल."

"सर्व्हंट की स्लेव्ह?"

माझा हात थांबला. मी सगळं पुस्तक वाचलं होतं आणि नॉरफ्लीट मला दिसलाही होता. तळावर थिओफिलसबरोबर तो आहे. स्वयंपाक करतो, धुणं धुतो, मालक आजारी पडला की उठबस करतो. मी ते नाव पिशवी, पातेलं, पांघरूण यांच्यासारखं वाचून पुढे गेले होते. बारा वर्षांच्या मुलीला जो प्रश्न पडला तो मला पडला नव्हता.

नॉरफ्लीट गुलाम होता. पेरी कुटुंबाच्या मालकीचा. कॉन्फेडरेट सैन्यातल्या ऐपतदार घरच्या पोरांबरोबर असे गुलाम सर्रास असायचे. इतिहासकार त्यांना 'कॅम्प स्लेव्ह' म्हणतात. ते सैनिक नव्हते, त्यांना पगार नव्हता, युद्धात जायचं की नाही हे त्यांना कोणी विचारलेलं नव्हतं. मालक लढायला निघाला की सामानाबरोबर तेही निघायचे. अलीकडे काही लोक अशा माणसांना 'काळे कॉन्फेडरेट सैनिक' म्हणून गौरवायला लागले होते, आणि केव्हिन लेव्हिन यांनी २०१९ साली एक आख्खं पुस्तक लिहून तो भ्रम खोडून काढला.

मग आम्ही दोघी नॉरफ्लीटला शोधायला बसलो. आणि सापडलं काय, तर त्याच्या बायकोचं पत्र!

तिचं नाव फॅनी. पत्रावर तारीख २८ डिसेंबर १८६२, ठिकाण स्प्रिंग हिल. गुलामांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं फार थोडी उरली आहेत, त्यातलं हे एक. १९८० साली दोन इतिहासकारांनी ते एका नियतकालिकात छापलं, तोवर ते जुन्या कागदपत्रांत पडून होतं. कोणाच्या कागदपत्रांत? हॅरिएटच्या माहेरच्या पर्सन घराण्याच्या. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात ती कागदपत्रं ठेवलेली आहेत. म्हणजे मालकिणीची पत्रं जपली गेली म्हणून त्यांच्यात फॅनीचंही पत्र वाचलं.

जेमतेम पानभराचं पत्र. ती लिहिते की तू गेल्यापासून माझी तब्येत बरी आहे. तू मला विसरलास तरी जग आहे तोवर मी तुला विसरणार नाही. लग्नाच्या पहिल्या रात्री होतं तेवढंच प्रेम आजही आहे. तू आजारी असल्याचं कानावर आलं होतं, मग बरा झाल्याचंही कळलं. फार दिवसांत तुझं पत्र नाही. कुणाकडे तरी मिठाई करायचा कार्यक्रम होता, त्याला गेले होते, पण तू असतास तर मजा आली असती. आई, वडील, आजी, भावंडं सगळ्यांनी विचारलंय. या जगात भेट झाली नाही तर स्वर्गात होईल. खाली सही, तुझी प्रेमळ बायको फॅनी.

आणि मधे एक साधं वाक्य आहे. मालकांनी आम्हाला नाताळची तीन दिवस सुट्टी दिली, असं ती सांगते.

तेच गाव, तोच हिवाळा, तीच साथ, तेच पत्र न येणं. हॅरिएटचा नवरा आणि फॅनीचा नवरा एकाच तळावर होते. फरक एवढाच की हॅरिएटचा नवरा स्वतःच्या मतानं गेला होता आणि फॅनीचा नवरा हॅरिएटच्या नवऱ्याचे कपडे धुवायला गेला होता. हॅरिएट कायद्यानं बायको होती. फॅनी कायद्याच्या दृष्टीनं कोणाचीच बायको नव्हती, कारण दक्षिणेतल्या एकाही राज्यात गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाला पैशाची नड आली, वाटण्या झाल्या, मुलीला आंदण द्यायचं झालं, की नवरा एका गावाला आणि बायको दुसऱ्या गावाला.

पत्राची तारीख मला पुन्हा पुन्हा आठवत होती. २८ डिसेंबर. नाताळ संपला आणि नवीन वर्ष चार दिवसांवर. दक्षिणेत गुलाम वर्षाच्या बोलीनं भाड्यानं द्यायची पद्धत होती. एक जानेवारीला करार सुरू, नाताळाला संपला. म्हणून एक जानेवारी हा गुलामांच्या घरात रडारडीचा दिवस असायचा. कोणाचा बाप, कोणाची आई त्या दिवशी वर्षभरासाठी लांब जायची. आणि त्या वर्षीची एक जानेवारी तर आणखीच वेगळी होती. १ जानेवारी १८६३ ला लिंकननं मुक्तीचा जाहीरनामा काढला. बंडखोर राज्यांतले सगळे गुलाम स्वतंत्र झाले, असं त्यात म्हटलं होतं. टेक्ससही त्यात होतं. फॅनी पत्र लिहीत होती तेव्हा तिचं स्वातंत्र्य कागदावर चार दिवस लांब होतं. प्रत्यक्षात टेक्ससमध्ये उत्तरेचं सैन्य येऊन गॅल्व्हस्टनला तो हुकूम वाचला गेला १९ जून १८६५ ला. अडीच वर्षांनी. हाच तो जूनटींथ. २०२१ पासून त्याची देशभर सुट्टी असते आणि दर वर्षी त्या दिवशी आम्ही कुठेतरी सहलीला जातो!

एवढं वाचल्यावर मी थिओफिलसकडे परत गेले. या माणसानं गुलामीबद्दल काय लिहिलंय ते बघावं म्हणून. म्हटलं, कुठेतरी अपराधी वाटलं असेल, निदान समर्थन तरी केलं असेल. पण पत्रांत मुख्यत्वे पीक, पैसा, घरची व्यवस्था हेच बोलणं. गुलाम आहेत ते त्या व्यवस्थेचा भाग म्हणून. विहिरीला पाणी आहे का, डुकरं किती मारली, तसंच.

जेम्स मॅक्फर्सन हे यादवी युद्धाचे मोठे अभ्यासक. त्यांनी हजारावर सैनिकांची पत्रं आणि रोजनिशा वाचून १९९७ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांच्या नमुन्यातले ४२९ सैनिक दक्षिणेचे होते. त्यातल्या फक्त २० टक्क्यांनी आपण गुलामीसाठी लढतोय असं उघड लिहिलंय. आता ही २० टक्क्यांची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, बघा, बाकीचे गुलामीसाठी लढतच नव्हते. मॅक्फर्सन उलटं सांगतात. गुलामीच्या विरुद्ध लिहिणारा त्यांना त्यात एकही सापडला नाही. जे वादाचंच नाही त्याबद्दल माणूस घरी पत्रात कशाला लिहील? उत्तरेचे सैनिक त्यावर जास्त लिहितात, कारण त्यांच्यात त्यावरून भांडणं होती.

पत्रांत नसलं तरी सरकारी कागदांत सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. टेक्सस राज्य फुटून निघालं तेव्हा फेब्रुवारी १८६१ मध्ये त्यांनी आपली कारणं छापली. काळ्यांची गुलामी इथे पहिल्यापासून आहे आणि पुढेही सर्वकाळ राहावी अशी आमची इच्छा आहे, असं त्यात सरळ म्हटलंय. हॅरिसन काउंटीत तर १८६० च्या शिरगणतीत ८,७८४ गुलाम होते, शंभरातली जवळजवळ ५९ माणसं. टेक्ससच्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत इतके गुलाम नव्हते. पुढे सक्तीची सैन्यभरती आली तेव्हा ऑक्टोबर १८६२ मध्ये सवलतही निघाली: ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम आहेत तिथला एक गोरा माणूस घरी राहिला तर चालेल. कारण घरी कोणी पुरुष नसेल तर गुलामांवर नजर कोण ठेवणार! गरीब शेतकऱ्यांनी तेव्हाच ओरड केली होती की युद्ध श्रीमंतांचं आणि मरायचं गरिबांनी.

७ जून १८६३ ला मिसिसिपी नदीच्या काठी मिलिकन्स बेंड इथे याच वॉकर्स डिव्हिजनच्या एका ब्रिगेडनं उत्तरेच्या तळावर हल्ला केला. समोर होते बहुतेक काळे सैनिक, काही आठवड्यांपूर्वी मळ्यांवर कापूस वेचणारे. बंदुका नुकत्याच हातात आलेल्या, धड नेम धरायलाही शिकलेले नव्हते. संगिनी आणि बंदुकीच्या दस्त्यांनी हातघाईची लढाई झाली. खूप मेले, पण नदीतल्या लढाऊ बोटीच्या मदतीनं त्यांनी तळ सोडला नाही. थिओफिलसची ब्रिगेड त्या दिवशी मागे राखीव होती. तिथल्या तळांवर सगळीकडे नॉरफ्लीटसारखी माणसं चुली पेटवत होती, आणि ही बातमी त्यांच्याही कानावर गेली असणार.

थिओफिलस ९ एप्रिल १८६४ ला लुइझियानातल्या प्लेझंट हिलच्या लढाईत जबर जखमी झाला आणि काही दिवसांत गेला. हॅरिएट विधवा झाली. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. अजूनही वाटतं. फक्त आता ते एकटंच वाटत नाही, त्याच्या शेजारी स्प्रिंग हिलची ती तीन दिवसांची सुट्टी येऊन बसते.

इथवर लेकीचं प्रोजेक्ट होतं. आता माझं.

या युद्धाचा आणि आमच्या घराचा संबंध आहे, असं मी लेकीला गमतीनं सांगायचे. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं अडवली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर आल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअरबाजार वेडा झाला, प्रेमचंद रायचंद राजे झाले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. आपल्याला मुंबईतला राजाबाई टॉवर माहीत असतो. त्यासाठी याच प्रेमचंदांनी आईच्या नावानं देणगी दिली. वऱ्हाडात आमच्या पूर्वजांनी त्या तेजीत कापूस पेरला आणि त्यातून वाड्याचा पहिला चौक उभा राहिला, असं घरात सांगत आले आहेत. दुसऱ्याच्या युद्धावर आपला वाडा! मी हे हसत हसत सांगायचे.

आमच्या घरात 'गुलामगिरी' हे जोतीराव फुल्यांचं पुस्तकही होतं. १८७३ सालचं. ते त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलंय, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा आणि शूद्रांना दास्यातून सोडवावं, अशी आशा त्यात आहे. कॉलेजात असताना मी ती अर्पणपत्रिका वाचली होती आणि अमेरिकेचं कौतुक वाटून पुस्तक परत कपाटात ठेवलं होतं. अर्पणपत्रिकेचा दुसरा भाग आपल्या घरासाठी आहे, हे काही डोक्यात शिरलं नव्हतं.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुण्याला लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. घर अमरावतीजवळच्या खेड्यात. तिथून ते आपल्या वडिलांना पोस्टकार्डं लिहायचे. वाडा विकला तेव्हा ती ट्रंकेतून आत्याकडे गेली. चार वर्षांपूर्वी मी तिच्याकडे बसून त्या सगळ्या कार्डांचे फोटो काढून आणले होते. एकतीस कार्डं. सुंदर वळणदार अक्षर, वर श्री, मग 'ति. आबांचे सेवेशी शि. सा. न. वि. वि.'. माझ्या मनातले आजोबा याच कार्डांतले. हळवे, काटकसरी, दर कार्डात आजीच्या खोकल्याची चौकशी करणारे.

लेकीचं पोस्टर चालू असताना एका रात्री मी ते फोटो उघडले, आणि नॉरफ्लीट शोधतात तसं शोधायला लागले.

फार शोधावं लागलं नाही. जवळजवळ प्रत्येक कार्डात तो आहे. 'गड्यास सांगावे.' गड्यास सांगावे की सरकी आणून ठेव. गड्यास सांगावे की रात्री मळ्यात झोपत जा. गड्यास सांगावे की आईस दवाखान्यात नेण्यास छकडा जुंपावा. एका कार्डात लिहिलंय की पाडव्यास गड्याचे साल पुरे होते, परंतु उचल फिटलेली नाही, सबब त्यास दुसरीकडे जाऊ देऊ नये. एकतीस कार्डांत त्याचं नाव एकदाही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतावरचा माणूस. त्याचं साल गुढीपाडव्याला सुरू व्हायचं आणि पाडव्याला संपायचं. ठरलेली ज्वारी, थोडे पैसे, घोंगडी, वहाणांचा जोड. लग्नकार्य, आजारपण आलं की मालकाकडून उचल घ्यायची. ती फिटली नाही की पुढचं सालही तिथेच. बायको वाड्यात शेणगोठा करायची, ते बहुतेक ठिकाणी बोलीतच धरलेलं.

मी लगेच मनातल्या मनात बोलायला लागले. छे, ही काय तुलना झाली? त्याला कोणी विकत नव्हतं. त्याची मुलं बाजारात उभी करत नव्हते. त्याचं लग्न हे लग्न होतं. तो पळाला तर कुत्री सोडत नव्हते. हे सगळं खरं आहे, आणि हा फरक लहान नाही. फॅनीला जे भोगावं लागलं त्याची बरोबरी मी कशाशी करणार नाही. पण मग मला हेही जाणवलं की हा फरक मला कोणी विचारला नव्हता. रात्री एक वाजता, घरात सगळे झोपलेले असताना, मी कोणाला पटवत होते?

कारण एका कार्डापाशी मी अडकले होते. श्रावण, १९४४. आजोबा लिहितात, गड्याची बायको चार दिवस कामास आली नाही असे समजले, असे चालू देऊ नये, उचलीत मांडून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आत्याला फोन लावला. ती आता अठ्ठ्याऐंशीची आहे, कानानं कमी ऐकते, पण आठवण लख्ख. आधी इकडचं तिकडचं झालं. मग मी विचारलं, "आत्या, दादांच्या कार्डात गडी आहे ना, त्याची बायको आठवते तुला?"

"न आठवायला काय झालं? तिच्या कडेवर वाढले की मी. आईला तेव्हा खोकल्यानं उठवत नव्हतं."

"ती एकदा चार दिवस आली नव्हती का गं कामाला? श्रावणात?"

फोनवर बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाईन कटली. मग आत्या म्हणाली, "तिचं पोरगं गेलं होतं ना. तापानं. माझ्याएवढंच होतं. आम्ही दोघं गोठ्यात खेळायचो."

"दादांना माहीत होतं?"

"आबांनी कळवलं असेल नसेल. कळवलं असेल तर एवढंच की बाई येत नाही. तेव्हा असंच असायचं बाई."

आबांची उत्तरं उरलेली नाहीत. आजोबांनी मूल गेल्याचं माहीत असून तसं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. माझे आजोबा तसे नव्हते. पण हे वाक्य लिहितानाच मला आठवतं की हॅरिएटच्या नातवंडांनीही थिओफिलसबद्दल हेच म्हटलं असतं, आणि ते खोटंही नसतं. तो बायकोवर जीव टाकणारा माणूस होता. प्रेमळ माणसंच ही पत्रं लिहीत होती. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याच्या घरी काय चाललंय, हे विचारायची त्यांना गरज पडत नव्हती, एवढंच. ती बाई का आली नाही हे विचारायला एक ओळ पुरली असती. कार्डावर जागा होती. मी फोटो पुन्हा पाहिला, खाली दोन बोटं जागा कोरी आहे.

फॅनीचं पत्र चुकून का होईना, उरलं. गड्याच्या बायकोला अक्षरओळख नव्हती, आणि असती तरी तिचा नवरा मळ्यातच होता, पत्र कोणाला लिहिणार? ती जिथे कुठे उरली आहे ते म्हणजे आत्याचं डोकं.

म्हणून मी विचारलं, "आत्या, तिचं नाव काय होतं?"

आत्यानं नाव सांगितलं. त्याचंही सांगितलं. मग म्हणाली, "आता काय करतेस त्याचं? ऐंशी वर्षं झाली." मी म्हटलं लिहून ठेवते. "ठेव," म्हणाली, आणि फोन ठेवला. थोडी रागावली असावी. दादांबद्दल कोणी काही विचारलेलं तिला आवडत नाही, आणि मला ते समजतं.

ती नावं मी इथे लिहीत नाही. त्यांची नातवंडं आहेत, अमरावतीतच कुठेतरी असतात असं आत्या म्हणते, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांची आजी माझ्या लेखात आणायचा मला हक्क नाही. तेवढी तरी चूक करू नये. पण त्या कार्डाची मोठी प्रत काढून तिच्या मागे मी दोन्ही नावं लिहिली आहेत, आणि श्रावणातलं काय झालं होतं तेही, चार ओळींत. आजोबांचं पत्र यापुढे आमच्या घरात जो वाचेल त्याला पाठची बाजूही वाचावी लागेल.

लेकीनं पोस्टर बदललं. हृदय खोडलं नाही. म्हणाली, "ते प्रेम होतंच ना, मग कशाला खोडू?" त्याच्या शेजारी तेवढंच दुसरं हृदय काढलं, 'एन' आणि 'एफ'. आणि दोघांच्या मधून एक जाड रेघ, तिच्यावर लिहिलं: यांचे यांच्यावर मालकी हक्क होते. मला तर एवढं थोडक्यात जमलं नसतं.

या गोष्टीला आठ दिवस झाले असतील. रविवारी पहाटे फोन वाजला. आत्याला इकडच्या वेळेचं भान नसतं. मी घाबरून उचलला. म्हणाली, "काही नाही गं, बरी आहे मी. त्या दिवसापासून झोप नाही. त्या पोराचं नाव आठवत नव्हतं ना, ते आत्ता आठवलं. लिहून घे."